बेभरवशाच्या आभाळाखाली कोकण किनारा: तारखा पक्क्या करा, बेत नको

मी कोल्हापूरचा. सतरा सीटची गाडी आहे, आणि गिऱ्हाइकांना घेऊन घाट उतरणं हा धंदा. कोकणासाठी सगळ्यात जास्त फोन दोन मोसमांत येतात. एक, मे महिन्याच्या शेवटी, शाळा सुरू व्हायच्या आत "पोरांना एकदा समुद्र दाखवून आणू" म्हणणाऱ्यांचे. दुसरे, गणपती उरकल्यापासून दिवाळीपर्यंत. दोन्ही वेळा आभाळाचा भरवसा नसतो. सकाळी कातडं भाजणारं ऊन, चारला अंधारून येतं, सातला लाईट गेलेली, आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी स्वच्छ सकाळ.

गिऱ्हाईक विचारतं, "पाऊस लागेल का ओ?" मी उलट विचारतो, "लागला तर काय करायचं ठरवलंय?" बहुतेकांनी काहीच ठरवलेलं नसतं. पहिला दिवस गणपतीपुळे, दुसरा मालवण, बारा वाजता किल्ला, तीनला स्कूबा, असा कागद हातात देतात. माझं म्हणणं असं की तारखा पक्क्या करा, बेत पक्का करू नका. तो रोज सकाळी समुद्राचा रागरंग बघून ठरवायचा. त्यासाठी काय हाताशी असावं लागतं ते सांगतो.

तारखा धरताना

मान्सून केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचतो, हे झालं सरासरीचं गणित. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत हजर होता. म्हणून २० मेनंतरचं बुकिंग घेताना मी सांगून टाकतो: पावसाळी सहल समजून बॅगा भरा, ऊन मिळालं तर नफ्यात. परतीचा पाऊस मुंबईतून सरासरी ८ ऑक्टोबरला निघतो, तळकोकणातून त्याच्याही नंतर. तोवर संध्याकाळचा गडगडाट धरूनच चालायचं.

पावसापेक्षा महत्त्वाची तारीख होड्यांची. किल्ल्यांना नेणाऱ्या प्रवासी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात, ते साधारण सप्टेंबर उजाडेपर्यंत. बंदर खात्याचा हुकूम असतो तो. २८ मेला मालवणात उभे राहिलात आणि पाणी कितीही शांत दिसलं तरी सिंधुदुर्गाची होडी सुटत नाही. तिथं जेटीवर होडीवाल्याशी हुज्जत घालणारे लोक मी दरवर्षी बघतो. त्याच्या हातात काही नसतं. आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला होड्या सुरू झाल्या म्हणजे समुद्र निवळला, असंही नाही. नुसती परवानगी मिळालेली असते. जायचं की नाही हे त्या दिवशीचा वारा ठरवतो.

वादळांचेही दोन हंगाम आहेत, आणि ते नेमके सुट्टीवाल्यांच्या हंगामाशी जुळतात. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. निसर्ग ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. तौक्ते मे २०२१ मध्ये अख्ख्या किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं. क्यार ऑक्टोबर २०१९ चं, फयान नोव्हेंबर २००९ चं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की मी बुकिंग दोन-तीन दिवस पुढं ढकलायला सांगतो. लोक कुरकुरतात, पण ढकलतात.

गणपतीत मात्र येऊच नका. घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या लोकांच्या स्वतःच्या घरी मुंबईची सगळी माणसं आलेली असतात, खोल्या त्यांनाच पुरत नाहीत. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. विसर्जनानंतर आठवडाभर जाऊ द्या. यजमानही दमलेले असतात बिचारे.

पंचांग बघा, खरंच

हॉटेलचे फोटो बघण्यात लोक तासन् तास घालवतात आणि तिथी कुणी बघत नाही. किनाऱ्यावर निम्मा बेत तिथी ठरवते, कारण भरती-ओहोटी तिच्यावर चालते. कोळ्यांचं जुनं गणित आहे: तिथीला तीनाने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर ५ गुणिले ३ म्हणजे १५, भागिले ४ म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या आसपास भरती, आणि पहाटेही साधारण त्याच सुमाराला दुसरी. मधे सव्वासहा तासांवर ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. अमावास्या-पौर्णिमेला १५ धरायचे, भरती सव्वाअकराच्या पुढं. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. हे गणित मुंबईच्या बाजूला बरं जमतं. खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती थोडी आधी येते, आणि पाणी चढतंही कमी. अलिबागला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, मालवणला त्याच्या निम्म्यावर. मिनिटाचा हिशोब हवा असेल तर भरतीचं तयार वेळापत्रक फोनवर मिळतं, ते वापरा. पण सहा महिने आधी तारखा ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून निघणारं उत्तर पुरेसं असतं.

आता उपयोग. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला तो पाण्यात असतो. सकाळी ऊन चढायच्या आत चालत जाऊन यायचं तर तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम, कारण ओहोटी आठ ते साडेनऊच्या दरम्यान पडते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, आणि ते दिवस भांगाचे. भांगात पाणी पुरतं चढत नाही तसं पुरतं उतरतही नाही, मग गुडघाभर पाण्यातून चाला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी खूप मागं जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते, आणि भरती नेमकी दुपारी, सगळी पोरं पाण्यात असताना. त्यात वरून पाऊस आणि वारा असला तर ते पाणी बांध ओलांडून रस्त्यावर येतं.

म्हणून लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी भांगाचे दिवस सुचवतो, सप्तमी ते दशमी. पाणी सोज्वळ असतं, खाडीच्या तोंडाशी ओढ कमी असते. किल्ले आणि खडक बघणारी तरुण मंडळी असतील तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस.

मुक्काम एक किंवा दोनच

चार रात्रींत चार गावं केली की पाऊस लागल्यावर काही हलवता येत नाही. आज दापोली ओली निघाली तर उद्या बघू, असं म्हणायची सोयच नाही, कारण उद्याचं गुहागरचं भाडं भरलेलं. एका ठिकाणी तीन रात्री काढल्या तर एक दिवस वाया गेला तरी दोन उरतात. तो ओला दिवस कुठला हे आधी माहीत असायची गरज नाही.

मुक्कामाला गाव निवडताना किनाऱ्याकडे नंतर बघा, आधी पावसात करायला काय आहे ते बघा. नुसता सुंदर समुद्र असलेली गावं पावसात फार लहान होतात. या हिशोबानं मला चार जागा बऱ्या वाटतात: अलिबाग किंवा मुरूड, दापोली, रत्नागिरी, आणि तळात कुडाळ-मालवणचा टापू. रत्नागिरी शहरात राहायला लोक नाक मुरडतात, त्यांना थेट वाळूवर खोली हवी असते. पण सलग पावसात रत्नागिरीइतका भरलेला दिवस किनाऱ्यावर दुसरीकडे मिळत नाही.

खोली ठरवताना मालकाला तीन गोष्टी विचारा. इन्व्हर्टर आहे का. गाडी कुठं लागते, कारण माडाखाली गाडी लावायची नाही. वाऱ्यात नारळ आणि झावळी दोन्ही काचेवर येतात, सुरूच्या बनातही तेच. आणि वादळाचा इशारा आला तर तारीख बदलून देणार का. पैसे परत मागण्यापेक्षा तारीख बदलून मागितली की बहुतेक जण हो म्हणतात.

अंदाज कसा वाचायचा

हवामान खातं जिल्ह्यावार चार रंग देतं. हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हलू नका. पिवळा बघून लोक सहल रद्द करतात, ते मला पटत नाही. सप्टेंबरात पिवळा रंग कोकणात येतच राहतो, आणि त्या दिवशीही चार-सहा तास कोरडे मिळतात. नारिंगीला घाट आणि धबधबे वर्ज्य, गावातल्या गावात फिरा. लालला खोलीत बसा, पत्ते काढा. आकड्यांत सांगायचं तर खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं "जोरदार", ११५.६ च्या पुढं "अति जोरदार" आणि २०४.४ च्या वर गेला की त्याच्याही पलीकडचा. एका दिवसात शंभर मिलिमीटर कोकणाला नवीन नाही. फोनवर तो आकडा बघून घाटावरची माणसं घाबरतात, कोकणातली छत्री शोधतात.

फोनमध्ये दिवसभर छत्रीचं चित्र दिसतं म्हणजे दिवसभर पाऊस असं नाही. त्या चित्रापेक्षा मुंबई आणि गोव्याच्या रडारचं चित्र उघडा, ढग कुठं आहे आणि कुठल्या दिशेनं सरकतोय ते दिसतं. पुढच्या एक-दोन तासांपुरता याच्याइतका कामाचा अंदाज नाही. पुढच्या पाच दिवसांसाठी कुठल्याच ॲपशी भांडत बसू नका.

आभाळ एक आणि समुद्र दुसरा, हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा. हैदराबादचं महासागर माहिती केंद्र, ज्याला सगळे इन्कॉइस म्हणतात, ते लाटांचा वेगळा इशारा देतं. लांब दक्षिणेच्या समुद्रात उठलेली लाट दिवसचे दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्याला येते, आणि त्या वेळी इथं आभाळ निरभ्र असू शकतं. कडक ऊन, झुळूक नाही, आणि लाटा मात्र अंगावर येणाऱ्या. असे दिवस सगळ्यात फसवे. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवेचा इशारा, लागलेला असेल तर विषयच संपला.

निघायच्या आदल्या दिवशी खोलीच्या मालकाला फोन कराल तेव्हा "पाऊस कसा आहे?" असं विचारू नका. "काही नाही, या तुम्ही," हेच उत्तर मिळणार. तो पावसातच जन्मलेला आहे आणि त्याला खोलीही भरायची आहे. "आज होड्या सुटल्या का?" असं विचारा. त्याचं उत्तर हो किंवा नाही असतं.

दिवसाची मांडणी

समुद्राचं काम सकाळी. रात्रभर जमिनीवरून मतलई वारा वाहत असतो, पहाटे पाणी सपाट असतं. जमीन तापली की दहा-अकरानंतर खारा वारा सुरू होतो आणि दुपारी पाण्याला कुरळ्या लाटा येतात. किल्ला, डॉल्फिन, होडी, पोहणं, जे काही पाण्यावरचं असेल ते साडेसात ते अकरा. हॉटेलातला नाश्ता नऊला सुरू होतो म्हणून दहाला निघणारी मंडळी दुपारी वाऱ्यात अडकतात आणि मग "समुद्र खवळला होता" म्हणून सांगतात. आदल्या रात्री केळी आणि बिस्किटं घेऊन ठेवा, नाश्ता परत येऊन करा. घावणे तेव्हाही गरम मिळतात.

दुपारी छपराखालचं काहीतरी. संध्याकाळ मोसमावर. सप्टेंबरातला पाऊस समुद्राकडून सरींनी येतो, पंधरा मिनिटं कोसळून जातो, मधे ऊन पडतं. त्यात फिरता येतं. ऑक्टोबरचा तसा नाही. तो पूर्वेकडून, सह्याद्रीवर दुपारी ढग चढून संध्याकाळी किनाऱ्याकडे येतो, वीज घेऊन. तुम्ही वाळूवर सूर्यास्ताकडे तोंड करून बसलेले असता, समोर सगळं सोनेरी, आणि पाठीमागं आभाळ काळंनिळं झालेलं. ऑक्टोबरात किनाऱ्यावर बसलात तर दर दहा मिनिटांनी मागं वळून डोंगराकडे बघायचं. गडगडाट ऐकू आला की उठायचं. ओली वाळू, माड, छत्रीचा लोखंडी दांडा, यातलं काही कामाचं नाही. गाडीत किंवा पक्क्या घरात जा, आणि शेवटचा आवाज ऐकल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. दामिनी नावाचं ॲप पुण्याच्या हवामान संस्थेनं काढलंय, ते आपल्या आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. ते फोनमध्ये टाकून ठेवा.

सड्यावर तर जास्तच सांभाळा. जांभ्याचं मोकळं पठार, त्यावर तुम्हीच सगळ्यात उंच. सप्टेंबरात सड्यावर फुलं येतात, रत्नागिरी-राजापूरच्या बाजूला कातळशिल्पं आहेत, उक्षी, बारसू, कशेळी, देवाचं गोठणं. बघण्यासारखीच आहेत, पण सकाळी. आणि आधी रिमझिम झालेली असेल तर उलट बरं, ओल्या कातळावर कोरीव रेषा उठून दिसतात. भर उन्हात गेलेली माणसं "कुठं काय दिसतंय" म्हणत परत येतात.

ओल्या दिवसाची यादी

हा कागद सहलीआधी प्रत्येकानं आपापला तयार करावा. माझा सांगतो.

रत्नागिरीत थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं, वाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथंच गेला. वरच्या मजल्यावरून खाडी दिसते, पावसात तर फारच छान. सोमवारी जाऊ नका, सरकारी संग्रहालयं बहुधा बंद असतात. मग टिळकांचं जन्मघर, १९३१ चं पतितपावन मंदिर, झाडगावातलं मत्स्यालय. तिथला देवमाशाचा सांगाडा बघून पोरं गप्प होतात. गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक. हे सगळं निवांत केलं तर दीड दिवस जातो.

दापोलीत आसूदचा केशवराज. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून, ओढ्यावरचा साकव ओलांडून, पुन्हा चढून जायचं. पावसात ती पोफळीची बाग हिरवीकंच असते, पण जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, चपला बदलून जा. पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत आणि माणूस तिथं क्वचितच भेटतो. मुरूडकडे असाल तर मांदाडजवळ कुडा लेणी, राजपुरीच्या खाडीवर. लेणी बघायला पाऊस हा उत्तम मोसम आहे, डोक्यावर छप्पर दगडाचं.

तळकोकणात सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुने गोल पत्ते, रंगवताना बघायला मिळतात, चितारआळीत लाकडी खेळणी. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळींचं चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेचं, संग्रहालय आहे. शिरोड्याला खांडेकरांचं स्मृती संग्रहालय, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा. धामापूरचा तलाव १५३० सालचा, काठाला भगवतीचं देऊळ. रिमझिम पावसात तिथं तासभर बसून राहिलेलं गिऱ्हाईक मी पाहिलंय, आणि ते सहसा न बसणारं गिऱ्हाईक होतं.

किल्ल्यांची वेगळी वाटणी करून ठेवा. होडीशिवाय न होणारे: जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. गाडीनं दारापर्यंत जाता येणारे किंवा थोडं चालावं लागणारे: विजयदुर्ग, रत्नदुर्ग, जयगड, पूर्णगड, देवगड, रेडीचा यशवंतगड. होडी बंद निघाली की त्याच दिवशी दुसऱ्या यादीतला एक उचलायचा. मालवणात सिंधुदुर्ग हुकलेल्यांना मी विजयदुर्गाला नेतो, आणि परतताना तक्रार ऐकलेली नाही. तीन बाजूंनी पाणी, तटावर आपटणाऱ्या लाटा, सगळं काही, आणि पाय कोरडे.

खाडी ओलांडताना

किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं तर खाड्यांवर फेरीबोटी आहेत, गाडीसकट पलीकडं नेतात. आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. खाडीतलं पाणी आतलं असल्यामुळं या बऱ्याचदा पावसाळ्यातही चालतात, पण वारा वाढला किंवा धुकं दाटलं की थांबवतात. बेत करताना फेरीबोट मिळेल असं धरून वेळ काढू नका. दाभोळची हुकली तर चिपळूणचा वळसा आहे, वेसवीची हुकली तर म्हाप्रळ-आंबेतकडून, तवसाळची हुकली तर भातगावच्या पुलावरून. त्या वळशाचा वेळ आधी बघून ठेवा आणि शेवटची फेरी कधी ते सकाळीच फोन करून विचारा. चढताना मी माणसं उतरवतो आणि गाडी एकटाच चढवतो. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि त्यावर चिखल असतो.

पाण्यात उतरताना

इथं मी गिऱ्हाइकांशी वाईटपणा घेतो. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्याचा नाही. किनारा पटकन खोल जातो, लाट मागं ओढते, आणि दरवर्षी माणसं जातात. देवदर्शन करा, डोंगराची प्रदक्षिणा करा, पाय भिजवा, बास. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून समुद्राला लागून जाते. ती फक्त ओहोटीला आणि शांत समुद्रालाच. फलक लावलेला असतो, तो वाचून पुढं जाणाऱ्यांना माझी गाडी थांबत नाही. हेदवीच्या बामणघळीत भरतीला लाट घुसून वर उसळते, बघण्यासारखी. लांबून. फोटोसाठी घळीच्या तोंडाशी उभं राहायचं नाही.

पोहायचंच असेल तर जिथं जीवरक्षक आणि बावटे आहेत तिथं. लाटा फुटताना मधेच एक पट्टा शांत आणि गढूळ दिसतो, तिथं लाट फुटत नाही म्हणून लोक नेमके तिथंच उतरतात. तोच पाणी परत नेणारा प्रवाह असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला निघा, पट्टा अरुंद असतो. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्याला मी परतीचे पैसे आधी मागतो. हसतात, पण गोष्ट कळते.

वाळूवर गाडी घालू नका. ओहोटीला वाळू टणक वाटते, चाक रुतलं की ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते.

बॅग, पैसे, जेवण

समुद्रावर छत्री उलटी होते, रेनकोट घ्या. जीन्स दोन दिवस वाळत नाही. पायात फ्लोटर. एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ओल्या कपड्यांना, एक फोनला. टॉर्च, पॉवर बँक, डासांचं मलम, आणि घाटात ज्यांना लागते त्यांच्यासाठी ओकारीची गोळी. रोख पैसे भरपूर ठेवा. लाईट गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की स्कॅन करून पैसे देणं जातं, आणि फेरीबोटीवर तुम्ही खिसे चाचपत उभे. पेट्रोल-डिझेल मोठ्या गावात भरून घ्या, सागरी रस्त्यावर पंप लांब लांब आहेत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या दिवसांत कुणी "ताजा पापलेट" म्हणत असेल तर तो बर्फातला. खाडीची मासळी आणि खेकडे मिळतात, सुकट आणि सुके बोंबील मिळतात, कुळथाची पिठी आणि भात मिळतो. तोच मागवा, घरच्यासारखा करून देतात. सप्टेंबरानंतर हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव बघा, पण त्याआधी बोटी गेल्या होत्या का ते विचारून.

घाट

कोल्हापूरकडून रत्नागिरीला आंबा घाट, मालवणला फोंडा किंवा गगनबावड्यावरून करूळ, सावंतवाडीला आंबोली. निघताना कुठला चालू आहे ते विचारा, पावसात दरड आली की दिवसभरासाठी बंद होतो. पुण्याकडून ताम्हिणी, कुंभार्ली. वरंध पावसाळ्यात भरवशाचा नाही. मुंबईकर हायवेनं येतात, पण रेल्वेनं येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरात बऱ्याच पुढंपर्यंत असतं, गाड्या सावकाश धावतात आणि वेळा बदललेल्या असतात. जुन्या तिकिटावरची वेळ धरून स्टेशनवर जाऊ नका.

परतीच्या दिवशी समुद्राचा मोह टाळून दुपारी दोनला निघा. चारला घाटाच्या पायथ्याशी, साडेपाचला वर. सप्टेंबरात घाटमाथ्यावर धुकं असं दाटतं की बॉनेट दिसत नाही, आणि राधानगरीच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर गवे उभे असतात, हॉर्नला ते हलत नाहीत. धुक्यात हेडलाईट खाली ठेवा, इंडिकेटर चारी लावून चालवू नका, मागच्याला वळण कळत नाही. जेवणाचा मुक्काम घाट चढल्यावर. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा, चाकांच्या आतल्या बाजूनंही, आणि पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत हळूहळू ब्रेक दाबत न्या म्हणजे डिस्क कोरड्या होतात.